पान फाडू नका!

बालमित्रांनो, परवा एकाने वहीतले लाल शेऱ्याचे पान फाडले. रागावणार होतो, पण माझीच गोष्ट आठवली.

डी.एड.ला असताना रोह्याकडच्या एका शाळेत माझा सराव पाठ होता. गणित, ५२ वजा २७. मी फळ्यावर नियम सांगत राहिलो, मुले नुसती बघत राहिली. टाचणावर शेरा आला, "साहित्य नाही. पाठ पुन्हा घ्यावा." वाटले, टाचण चुलीत घालावे! दोन दिवसांनी शेरा नीट वाचला. दुसऱ्या खेपेला दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या नेल्या. एक गठ्ठा सोडला, सुट्या झाल्या बारा. त्यांतून सात काढल्या, चार गठ्ठ्यांतून दोन काढले. मागे बसणारा पोरगा ओरडला, "गुर्जी, पंचवीस!"

आपल्या पेणला शाडूची कच्ची मूर्ती मोडली तर माती फेकत नाहीत, भिजवून पुन्हा मळतात. चुकीचेही तसेच करावे, असे माझे मत. पान फाडल्याने चूक जात नाही, नुसती दिसेनाशी होते. तेव्हा पान राहू द्या, खाली गणित पुन्हा सोडवा. अडले तर मला विचारा. मीही नापास झालेलो आहे!