पेट-सीटीत नवा डाग दिसला, म्हणजे कॅन्सर पसरलाच का?

मौद्यासारख्या तालुक्यातून कॅन्सर रुग्ण पेट-सीटीसाठी नागपूर गाठतात. रिपोर्टमध्ये कधीकधी भलतंच निघतं: फुप्फुसात गाठ, थायरॉईडमध्ये चमक. घरच्यांना वाटतं, 'पसरला!'

पण थांबा. या तपासणीत किरणोत्सारी द्रव्य जोडलेली साखर टोचतात. कॅन्सरच्या पेशी ती जास्त खेचतात. टीबी, जंतुसंसर्ग किंवा सूज असलेली जागाही खेचते. जगातले सुमारे एक चतुर्थांश टीबी रुग्ण भारतात आहेत. म्हणून इथे ही गल्लत सहज होऊ शकते.

'पसरला' ठरलं, तर स्टेज बदलते, ठरलेलं ऑपरेशनही रद्द होऊ शकतं. म्हणून डॉक्टरांना विचारा: जुन्या स्कॅनशी तुलना केली का? बायोप्सी करता येईल का?

मात्र रिपोर्ट कपाटात ठेवू नका. कधी तो दुसरा कॅन्सरही असतो.