नाव लोकशाहीचे, गादी घराण्याची

एखाद्या देशाने आपल्या नावातच 'लोकशाही', 'जनता' आणि 'प्रजासत्ताक' हे तिन्ही शब्द घातले म्हणजे तेथे लोकांचे राज्य आहे असे समजावे काय? आम्ही कचेरीत हिशेबाच्या वह्या सांभाळणारे लोक. पुठ्ठ्यावर काय लिहिले आहे यावर आमचा भरवसा नसतो. पाने उलटून शिल्लक पाहावी लागते. आपल्या वस्त्यांतील शिकलेली मुले समाजवादावर वाचतात, वाद घालतात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्यासाठी आज आपण उत्तर कोरियाची वही उघडून पाहू.

हे राज्य ९ सप्टेंबर १९४८ रोजी स्थापन झाले. किम इल सुंग त्याचे पहिले प्रमुख. त्याआधीच, १९४६ मध्ये, जमीनदारांच्या जमिनी काढून घेऊन कसणाऱ्या कुळांना फुकट वाटण्यात आल्या होत्या. ज्यांच्या आजापणजांच्या नावावर एक गुंठाही नव्हता अशा आपल्यासारख्यांना हे वाचून बरे वाटेल, आणि वाटावेही. पुढे १९५८ पर्यंत त्या जमिनी सामुदायिक शेतीत गेल्या, म्हणजे कुळाच्या हाती आलेला तुकडा पुन्हा सुटला. पण आपला आजचा मुद्दा वेगळा आहे.

१९७० साली तेथे छापलेल्या राजकीय शब्दकोशात वंशपरंपरेने सत्ता सोपविणे ही शोषक समाजाची प्रतिगामी रूढी होय, अशा अर्थाची नोंद होती. १९७२ च्या आवृत्तीत ती नोंद नाहीशी झाली! कारण उघड आहे. बापाच्या मनात मुलगा होता. १९८० च्या पक्ष अधिवेशनात किम जोंग इल वारस म्हणून सर्वांसमोर आले. ८ जुलै १९९४ रोजी बाप वारला आणि सत्ता मुलाकडे गेली. १९९८ च्या घटनादुरुस्तीने मृत बापाला कायमचे राष्ट्राध्यक्ष ठरविण्यात आले. १७ डिसेंबर २०११ रोजी मुलगाही वारला आणि नातू किम जोंग उन गादीवर आले. २०१३ मध्ये तर पक्षाच्या मूलतत्त्वांतच पेक्तू पर्वताच्या रक्तवंशाने क्रांती पुढे न्यावी असे घालण्यात आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात किम जोंग उन यांच्या सख्ख्या आत्याचे पती जांग सोंग थेक यांना देहदंड दिला गेला. गादी घराण्याची झाली की घरचा माणूसही सुरक्षित राहत नाही. हे आपण राजेरजवाड्यांच्या इतिहासात वाचत होतो; आता समाजवादाच्या नावाखालीही वाचावे लागते.

मग तेथे निवडणुका होत नाहीत काय? होतात ना! २०१४ मध्ये झाल्या. एका जागेला एकच उमेदवार. किम जोंग उन ज्या मतदारसंघातून उभे होते तेथे शंभर टक्के मतदान झाले आणि शंभर टक्के मते त्यांनाच पडली, असे सरकारने जाहीर केले. एकही मतदार आजारी नव्हता, एकही परगावी नव्हता, एकही नाराज नव्हता! नोव्हेंबर २०२३ च्या स्थानिक निवडणुकीत सरकारी वृत्तसंस्थेने प्रांतिक उमेदवारांविरुद्ध ०.०९ टक्के मते पडल्याचे सांगितले, तर तीही जगभर बातमी झाली.

याच्या शेजारी आपल्याकडचे एक चित्र ठेवा. ज्यांनी या देशाची घटना घडविली ते बाबासाहेब १९५२ मध्ये मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यात लोकसभेची निवडणूक हरले. तो पराभव आपल्याला आजही बोचतो. पण घटना लिहिणाऱ्यालाही सामान्य मतदारापुढे उभे राहावे लागले, हेच त्या घटनेचे मोठेपण नाही काय? आपल्या देशातही घराणी आहेत, पक्ष बापाकडून मुलाकडे जातात; त्याचा अभिमान बाळगण्यासारखे काही नाही. तरीही १९७७ मध्ये रायबरेलीत पंतप्रधान इंदिरा गांधी आणि अमेठीत त्यांचे पुत्र संजय यांना लोकांनी घरी बसविले. घराणे आहे की नाही यापेक्षा घराण्याला घरी बसविता येते की नाही, ही खरी कसोटी आहे.

आता या वहीतील ते पान पाहू, जे आपण विशेष लक्ष देऊन वाचले पाहिजे. उत्तर कोरियात 'सोंगबुन' नावाची पद्धत आहे. जपानी राजवटीत आणि कोरियन युद्धात तुमचे पूर्वज कोण होते, त्यांनी काय केले, यावरून घराण्याची प्रत ठरते. विश्वासू, डळमळीत आणि शत्रू असे तीन मोठे वर्ग, आणि त्यांत पुन्हा अनेक पोटवर्ग. मोठे शिक्षण, चांगली नोकरी, पक्षाचे सभासदत्व, राजधानी प्योंगयांगमध्ये राहण्याची परवानगी या सर्वांवर त्या शिक्क्याचा परिणाम होतो. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१४ च्या अहवालात याची सविस्तर नोंद केली आहे. आजोबा जमीनदार होता म्हणून नातवाला शिक्षा!

जन्मावरून माणसाची पायरी ठरविणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे कुळे वर गेली आणि जमीनदार खाली आले; म्हणजे उतरंड उलटी झाली, पण फुटली नाही. सर्वांत वर एक घराणे आणि खाली जन्माने ठरलेले थर, हा समाजवाद कसला? बाबासाहेबांनी आपल्याला उतरंड उलटी करायला शिकविले नाही, ती फोडायला शिकविले.

सर्व समाजवादी देशांत असेच झाले असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. सोव्हिएत रशियात स्टालिननंतर त्यांचा मुलगा आला नाही. क्यूबात फिडेल कॅस्ट्रोंची सत्ता भावाकडे, राऊलकडे गेली, पण २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपद घराण्याबाहेर गेले. तरीही या देशांत एकच पक्ष राहिला. जेथे दुसरा पक्ष नाही, स्वतंत्र वृत्तपत्र नाही, तेथे गादी मुलाला द्यावी की मित्राला, हे वरचेच ठरवितात. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली ती याच कारणाने. शोषण संपावे हे दोघांचेही ध्येय. पण हिंसा आणि हुकूमशाही हा मार्ग त्यांनी नाकारला. त्याआधी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत राजकारणातील व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा इशाराही त्यांनी दिला होता.

आणि भगवान बुद्ध? त्यांचा मुलगा राहुल संघात होता, पण संघ त्याच्या नावे झाला नाही. वारस नेमा अशी विनंती होऊनही त्यांनी कोणाला नेमले नाही. धम्म हाच वारस ठरविला. वज्जींनी वारंवार एकत्र जमावे, एकोप्याने निर्णय घ्यावा, यातच त्यांचा उत्कर्ष आहे असे ते सांगत.

बंधूंनो, भगिनींनो, कोरिया दूर आहे, पण पुठ्ठ्यावरचे नाव आणि आतली शिल्लक यांतील फरक आपल्या वस्तीतही पाहता येतो. काही ठिकाणी विहार समितीचे अध्यक्षपद बापाकडून मुलाकडे जाते आणि वर्षानुवर्षे हिशेब वाचला जात नाही. आपण तीन गोष्टी विचारू या. निवडणूक ठरल्या मुदतीत होते काय? महिला आणि तरुण उभे राहू शकतात काय? जमाखर्च सर्वांसमोर वाचला जातो काय? विचारणाऱ्यावर कोणी रागावले, तरी विचारणे सोडू नका. ज्या घरात मुलगी बापाला निर्भयपणे 'का?' असे विचारू शकते, तेथून लोकशाही सुरू होते.

जयभीम!