आंब्याच्या वासाचं पेन

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. आता तो शहरात नववीत शिकतो. चकली-करंजी झाली, गप्पा झाल्या, आणि मग त्याने खिशातून एक जाडसर पेन काढलं. "बाई, वास घेऊन बघा." घेतला. अगदी हापूस आंबा! मी म्हटलं, "अरे वा! कुठून आणलंस? लिहितं कसं?"

तो खाली बघून हसला. माझ्या भाचीनं मला स्वयंपाकघरात बोलावून कानात सांगितलं, "मावशी, ते लिहायचं नसतं, ओढायचं असतं." बारा वर्षं शिकवतेय, पण मला कळलं नाही बरं का!

ती होती ई-सिगारेट. आत एक छोटी बॅटरी, तारेची एक बारीक गुंडाळी आणि औषधाच्या कुपीत असतो तेवढा रस. ओढलं की तार तापते आणि रसाचे बारीक कण होऊन छातीत जातात. लोक त्याला वाफ म्हणतात, पण ही भाताच्या पातेल्यावरची वाफ नव्हे! त्या रसात बहुतेक वेळा निकोटिन असतं. तंबाखूची चटक लावतं ते हेच.

तुम्ही म्हणाल, असली वस्तू केली कुणी? गंमत म्हणजे, ती सिगारेट सोडवण्यासाठीच केली गेली. होन लिक नावाच्या एका चिनी औषधतज्ज्ञानं २००३ साली ती तयार केली. तो स्वतः भरपूर सिगारेटी ओढायचा, आणि त्याचे वडीलही. ते पुढे फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले. त्याचा विचार साधा होता. चटक लावतं निकोटिन, पण जीव घेतो तो मुख्यतः जळणाऱ्या तंबाखूचा धूर, त्यातलं डांबर आणि विषारी वायू. मग जाळायचंच नाही, निकोटिन तेवढं द्यायचं.

विचार अगदीच चुकीचा नाही. इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्य खात्यानं २०१५ साली सांगितलं, की ही सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक आहे. हा आकडा काही तज्ज्ञांना पटला नाही, पण २०२३ साली तिथल्या सरकारनं दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना ही साधनं देण्याची योजना जाहीर केली. आपल्याकडे मात्र उलटं. २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, विकणं, परदेशातून आणणं, तिची जाहिरात करणं, सगळं बंद. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मग खरं कुणाचं? शाळा उघडल्यावर सातवीच्या वर्गात मी हाच वाद लावून दिला. बंदीच्या बाजूची मुलं जोरात होती. एकीनं विचारलं, "म्हाताऱ्या माणसांची सिगारेट सोडवायची, तर त्यात बबलगमचा वास कशाला?" मला तर हा प्रश्न लाख मोलाचा वाटला. अमेरिकेत हेच झालं. २०१९ साली तिथल्या माध्यमिक शाळांत दर चार मुलांमागे एकाहून जास्त मुलं ई-सिगारेट ओढत होती. त्यांतल्या कित्येकांनी आधी साधी सिगारेट हातातही घेतली नव्हती. सोडवायला काय होतं त्यांच्याकडे? इंग्लंडलाही शेवटी १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या ई-सिगारेटींची विक्री बंद करावी लागली. तुमच्या वयात मेंदूची वाढ चालू असते, त्यामुळे निकोटिन लवकर पकड घेतं.

दुसऱ्या बाजूनं एक मुलगा उठला. "बाई, जास्त वाईट ती विडी कोपऱ्यावरच्या टपरीवर मिळते, आणि कमी वाईट त्यावर बंदी. हे कसं?" वर्ग हसला. मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "विडी बंद केली तर आमची आई काय करील?" आमच्या सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. हजार विड्यांमागे मजुरी ठरते. मी "बस हं बाळ" एवढंच म्हणाले आणि तास संपवला. खरं सांगू? मला उत्तर आलं नाही.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी मी वर्गात सांगितली नाही. माझे वडील, आप्पा, चाळीस वर्षं विडी ओढतात. इंग्लंडात असलेला माझा चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "ताई, इथे डॉक्टरच सांगतात. आप्पांसाठी एक पाठवू का?" मी म्हटलं, "नको, कायद्यानं बंद आहे." फोन ठेवला, आणि रात्री पलीकडच्या खोलीतून त्यांचा खोकला ऐकत पडून राहिले. बंदी बरोबर, असं मी अजूनही म्हणते. ज्या टपरीवर २०१२ पासून बंद असलेला गुटखा मिळतो, तिथे ई-सिगारेट खुली केली तर ती आप्पांच्या आधी तुमच्या हातात पडेल. पण त्या खोकल्यापुढे हे बोलणं सोपं नव्हतं.

त्या नववीतल्या मुलाला मी विचारलं होतं, "कधी ओढावीशी वाटते?" आधी म्हणाला, कधीतरी, मित्रांबरोबर. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाला, "सकाळी उठल्या उठल्या." त्याच्या आईला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. ती आधी रडली, मग चिडली, मग त्याच्या शेजारी बसली. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे, १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत. तिनंच तो लावला.

तोच नंबर मी आप्पांना दिला. "मला कोण शिकवणार?" म्हणाले. आठ दिवसांनी स्वतःच चष्मा शोधू लागले. आता डॉक्टरांच्या सल्ल्यानं निकोटिनचं चिंगम चघळतात आणि सारखे चिडतात. आज एकोणिसावा दिवस. मधे दोनदा विडी झाली, तेही त्यांनीच सांगितलं. कॅलेंडरवर त्या दोन तारखांना त्यांनी स्वतःच्या हातानं फुली मारून ठेवली आहे.