डाउनलोड मोजून भागणार नाही

‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेसाठी केंद्राने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधन-नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली. तालुक्याच्या सरकारी महाविद्यालयाला हे मिळावे, हे फार चांगले झाले. मात्र किती लेख डाउनलोड झाले, यावर या योजनेचे यश ठरवू नये; त्या वाचनाचा उपयोग काय झाला, हे पाहावे.

हळदीचेच पाहा. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) जुने छापील पुरावे शोधून मांडले म्हणून. पुढे पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारताना संस्कृत, फारसी, तमिळ ग्रंथांतला मजकूर इंग्रजी, जर्मन, जपानीत आणला गेला, कारण तो पेटंट तपासणाऱ्याला वाचता यायला हवा होता. वाचणारा कोण, हे आधी ठरले होते. म्हणून अडवलेली पेटंटे मोजता आली. नियतकालिकांचा उपयोग मोजणे अवघड, डाउनलोडचा आकडा निदान हाती येतो, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण हाती येणारा आकडा मोठ्या संस्थांचाच असणार, ज्यांच्याकडे नियतकालिके आधीपासून येत होती. कोणत्या महाविद्यालयातून वर्षभरात कोणीच लॉगिन केले नाही आणि का, हे ग्रंथपालाला विचारायला फार खर्च येत नाही.