आधी रंग पाहा

लघवीच्या तपासणीतून मूत्राशयाचा कर्करोग ओळखता येतो, अशी बातमी अधूनमधून झळकते आणि दरवेळी ती जणू कालच लागलेला शोध असल्याच्या थाटात दिली जाते. वास्तविक ही कल्पना ऐंशी वर्षांपूर्वीची आहे. जॉर्ज पापानिकोलाऊ आणि व्हिक्टर मार्शल यांनी १९४५ साली लघवीच्या गाळातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून मूत्रमार्गाचा कर्करोग ओळखण्याची पद्धत मांडली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी जगभर होणारी पॅप तपासणी याच पापानिकोलाऊंच्या नावाची. तेव्हा लघवीत कर्करोगाची खूण सापडते, याबद्दल वाद नाही. ती कोणाच्या लघवीत शोधायची आणि उत्तर आल्यावर पुढे काय करायचे, याबद्दल मात्र बातम्यांत चकार शब्द नसतो.

मूत्राशयाचे अस्तर सतत लघवीच्या सान्निध्यात असते. तिथे गाठ झाली की तिच्या पेशी सुटून लघवीत उतरतात. सायटॉलॉजी म्हणजे या पेशींची तपासणी. आक्रमक गाठींच्या बेढब पेशी तीत बऱ्यापैकी पकडल्या जातात. सौम्य गाठींच्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसत असल्याने बहुतेक वेळा निसटतात. त्यात नमुन्याची तऱ्हा. रात्रभर साचलेल्या लघवीत पेशी विरून जातात, म्हणून या तपासणीला सकाळची पहिली लघवी चालत नाही. पण लघवी तपासायची म्हटले की आपला रुग्ण उजाडताच पहिलीच लघवी बाटलीत भरून आणणार. कारण एरवी त्याला तसेच सांगितलेले असते. काउंटरवर बाटली घेणाऱ्यानेही विचारले नाही, तर तपासणी तिथेच निम्मी वाया जाते.

सायटॉलॉजीची ही उणीव भरून काढायला नव्या चाचण्या आल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ साली ‘युरोव्हिजन’ला मान्यता दिली, ती पेशींतल्या गुणसूत्रांची मोडतोड शोधते. ‘एनएमपी २२’ ही प्रथिनाची चाचणी चार थेंबांत, अर्ध्या तासात, दवाखान्यातच उत्तर देते. न्यूझीलंडची ‘सीएक्सब्लॅडर’ लघवीतल्या पाच जनुकांच्या आरएनएचे प्रमाण मोजते. प्रत्येकीच्या जमेच्या बाजू आहेत, पण प्रथिनाची चाचणी मुतखडा किंवा जंतुसंसर्ग असला तरी पॉझिटिव्ह येऊ शकते. मुतखडा घरोघरी असलेल्या आपल्या मुलखात हे किरकोळ वैगुण्य नव्हे.

या चाचण्यांचा खरा उपयोग कोणाला? ज्यांची गाठ एकदा काढून झाली आहे, त्यांना. हा कर्करोग पुनःपुन्हा उगवणारा आहे. जास्त धोक्याच्या रुग्णाला पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, मग पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी दुर्बीण घालून मूत्राशय पाहून घ्यावे लागते. म्हणजे पाच वर्षांत चौदा वेळा. भूल देणारी जेली लावली तरी मूत्रमार्गातून नळी जायची ती जातेच. मागाहून जळजळ होते, क्वचित संसर्गही होतो. खेड्यातून शहरात यायचे तर सोबतीला एक माणूस, दोघांचा रोज बुडतो आणि गाडीभाडे वेगळे. अशा रुग्णाच्या काही फेऱ्या लघवीच्या भरवशाच्या चाचणीने वाचल्या, तर ते मोठेच काम. लघवीत फक्त सूक्ष्मदर्शकालाच दिसेल इतके रक्त आहे आणि धोका मध्यम आहे, अशा रुग्णाला दुर्बीण नको असल्यास नीट समजावून आधी लघवीची चाचणी देता येईल, अशी मुभा अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२५ साली दिली. मुभा एवढीच. धोका जास्त असेल, तर दुर्बीण चुकत नाही.

पण हीच चाचणी सरसकट निरोगी माणसांना विकायची म्हटली, की हिशेब पार बिघडतो. उदाहरणादाखल, दहा हजार धडधाकट माणसांत दहा जणांना लपलेला कर्करोग आहे असे धरू. चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक मानली, तर दहांपैकी नऊ सापडतील. पण ज्यांना काहीच झालेले नाही अशा ९९९ जणांच्या हातीही पॉझिटिव्ह अहवाल पडेल. त्या सगळ्यांना दुर्बीण, सोनोग्राफी, स्कॅन आणि झोपमोड. आता लघवीतून डोळ्यांना दिसेल असे रक्त गेलेले हजार जण घ्या आणि त्यांत शंभरांना कर्करोग आहे असे धरा. त्याच चाचणीत ९० खरे आणि ९० खोटे पॉझिटिव्ह निघतील. चाचणी तीच, माणसे बदलली. कसलीही तक्रार नसलेल्यांची अशी चाळणी करावी असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलाने २०११ सालीच नोंदवले होते. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये नवनव्या चाचण्या कोंबणाऱ्या प्रयोगशाळांनी हे ध्यानात ठेवायला हवे.

याला एक रास्त अपवाद आहे. फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शल्यचिकित्सकाने १८९५ साली रंगांच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे दाखवून दिले. रंगरसायनांतील काही अॅरोमॅटिक अमाइन्स हे त्याचे कारण, हे पुढे सिद्ध झाले. अशा रसायनांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांची लघवी ठरावीक काळाने तपासणे, निवृत्तीनंतरही तपासत राहणे, हे कारखान्याचे आणि कामगार खात्याचे काम आहे.

बाकीच्यांची पहिली चाचणी फुकट होते आणि ती वाचायला प्रयोगशाळा लागत नाही. लघवी लाल झाली, तर ती या रोगाची सर्वांत ठळक खूण असू शकते. घात असा, की बहुधा दुखत काहीच नाही आणि रक्त दोन दिवसांत आपोआप थांबते. मग ‘उष्णता झाली असेल’ म्हणून धण्याजिऱ्याचे पाणी प्यायले जाते. बाईमाणूस असेल तर ‘उन्हाळी लागली’ म्हणून गोळ्यांचा एक कोर्स, महिन्याने दुसरा, मग तिसरा. जंतू आहेत का हे पाहणारे लघवीचे कल्चर कोणी करत नाही आणि दुर्बिणीचे नाव निघेपर्यंत गाठ स्नायूत शिरलेली असते. विडी-सिगारेटचा संबंध आपण फुप्फुसाशी जोडतो. मूत्राशयाच्या कर्करोगाचेही सर्वांत मोठे कारण धूम्रपानच आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

तेव्हा महागड्या चाचण्यांची वाट पाहण्याआधी काही साध्या गोष्टी व्हाव्यात. कल्चर केल्याशिवाय डॉक्टरांनी प्रतिजैविकांचा दुसरा कोर्स लिहू नये. लघवीत बुडवून पाहायच्या पट्टीवर रक्त दिसले तर सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करून घ्यावी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात सायटॉलॉजी वाचणारा पॅथॉलॉजिस्ट आणि मऊ, वाकणारी दुर्बीण असावी. आणि वाचकांना एवढेच सांगणे, की लघवीतून एकदा जरी रक्त गेले, दुखले नाही, थांबले, तरी मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवा. चाळिशी उलटलेली असेल आणि विडी-सिगारेटची सवय असेल, तर याच आठवड्यात दाखवा.