'स्कूल' म्हणजे फुरसत!



'स्कूल' हा इंग्रजी शब्द आता पोरासोरांच्याही तोंडी आहे. दप्तराला स्कूलबॅग, गाडीला स्कूलबस. पण त्याचा मूळ अर्थ काय, ठाऊक आहे? फुरसत! बाईंनी हे सांगितले तेव्हा वर्गात एकच हशा पिकला, कारण फळ्यावर दहा गणिते आमची वाट बघत होती.

दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशात 'स्खोले' असा शब्द होता. स्खोले म्हणजे कामधंद्यातून मिळालेली सवड. त्या सवडीत लोक जमत, चर्चा करीत, शिकत. पुढे त्या शिकण्यालाच स्खोले म्हणू लागले, मग शिकायच्या जागेलाही. तो शब्द लॅटिन भाषेत गेला, 'स्कोला' झाला आणि तिथून इंग्रजीत आला. स्पेलिंग लिहिताना त्यातला 'एच' आपण हमखास विसरतो. पूर्वी इंग्रजसुद्धा तो लिहीत नसत! नंतर लॅटिन शब्दाकडे बघून तो घातला गेला. म्हणजे बोलताना त्याचे काही काम नाही, फक्त शब्दाचे मूळ गाव सांगायला तो बसला आहे.

इंग्रजीत माशांच्या थव्यालाही स्कूल म्हणतात. ते मासे काही पाढे म्हणत नाहीत! तो शब्दच वेगळा, डच भाषेतून आलेला, अर्थ घोळका. दिसायला जुळे, पण नाते काही नाही.

आता आपला 'शाळा' शब्द बघा. संस्कृतात 'शाला' म्हणजे घर, जागा. गाईंची ती गोशाळा, वाटसरूंची ती धर्मशाळा, पाठ घ्यायची ती पाठशाळा. म्हणजे आपल्या शब्दात जागा आहे आणि त्यांच्या शब्दात वेळ. मला वाटते, शिकायला दोन्ही लागतात.

ग्रीसमध्येही ही फुरसत सगळ्यांना नव्हती बरं का. अथेन्समधल्या श्रीमंताच्या मुलाला शाळेत पोचवायला घरचा गुलाम जाई. मुलगा शिके. गुलामाला कुठली सवड? आणि मुली घरातच. आपल्याकडे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. जागा झाली. पण दिवसभर राबणाऱ्यांनी यायचे कधी? म्हणून १८५५ साली त्यांनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. त्यांनी वेळेचाही विचार केला, हे मला फार मोठे वाटते.

आता पालकांना एक सांगते. लहान तोंडी मोठा घास आहे, रागावू नका. आज जागा आहे. खोल्या आहेत, पुस्तके मिळतात, दुपारची खिचडी मिळते. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदाही १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पण सवड कायदा कशी देणार? ती घरातूनच मिळायची. शाळा सुटली की मुलगा दप्तर टाकून खेळायला पळतो. त्याच्याच बहिणीच्या एका कडेवर धाकटं भावंड आणि दुसऱ्या हातात झाडू. कामाला आमची ना नाही. शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांनीच हात लावावा लागतो. मग सगळ्यांत भाऊ पण आलाच की! दोघांनी मिळून कामं उरकली तर दिवेलागणीनंतर तिलाही तासभर पुस्तक उघडता येईल.

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या वर्गात मुलींच्या रांगेत जागा रिकाम्या दिसतात, मुलांच्या रांगेत तेवढ्या नाहीत. खोटं वाटत असेल तर हजेरीपट बघा. बाईंच्या टेबलावरच असतो, मागितला की दाखवतात.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी