पट कोणी मांडला?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर बंदी घातली. त्या निमित्ताने आपल्याकडे या विषयाची जी चर्चा झाली ती बहुतांशी दोनच प्रश्नांभोवती फिरली. मुलांचा वेळ किती जातो आणि घरचा पैसा किती जातो, हे ते दोन प्रश्न. ते गैरलागू आहेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु ज्यांत एक पैसाही पणाला लागत नाही असे कितीतरी खेळ बेळगावपासून सावंतवाडीपर्यंत घराघरांतून रात्री उशिरापर्यंत चालतात. आणि ते खेळणारी मुले त्यांत शत्रूला जीवदान द्यावे की मारावे, वचन पाळावे की मोडावे, असे निर्णय घेत असतात. या निर्णयांतून त्यांच्या मनावर कोणता संस्कार होतो, याची चौकशी करावी असे फारसे कोणाला वाटलेले दिसत नाही.

आम्ही म्हणतो ते खेळ म्हणजे अद्भुत कथांतील एखादी भूमिका घेऊन खेळावयाचे खेळ, ज्यांना रोल-प्लेइंग गेम असे नाव आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात संगणक नव्हता. कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्या सामग्रीवर मंडळी टेबलाभोवती बसून तो खेळत. आपले पात्र कोणत्या वृत्तीचे हे खेळणाऱ्याने आधीच ठरवावयाचे असे. आरंभी नियमप्रिय, तटस्थ आणि स्वैर एवढ्या तीनच वृत्ती होत्या. पुढे त्यांना सज्जन-दुर्जन या भेदाची जोड मिळून त्यांची संख्या नऊ झाली. मनुष्यस्वभावाचा हा नऊ घरांचा तक्ता नंतर संगणकावरील खेळांनी उचलला आणि त्याला आकड्यांची भाषा दिली. २००४ च्या ‘फेबल’ या खेळात नायक पापे करू लागला की त्याच्या कपाळी शिंगे फुटतात, सत्कृत्ये करू लागला की मस्तकाभोवती प्रभावळ उमटते. २००७ च्या ‘मास इफेक्ट’मध्ये नायकाच्या सौम्य आणि कठोर वर्तनाची दोन वेगळी खाती आहेत आणि त्यांपैकी एकात पुरेशी शिल्लक असल्याखेरीज संवादातील काही उत्तरे खुलीच होत नाहीत.

या रचनेवर सर्वांत मार्मिक टीका कोणा समाजसुधारकाने केलेली नाही. ती खेळणाऱ्यांनीच केली आहे. त्यांच्या तक्रारी थोडक्यात अशा. पुण्याची खातेवही डोळ्यांसमोर उघडी असल्यावर दया ही दया राहत नाही, ती व्यवहार होते; भिकाऱ्याला नाणे देणारा हात त्याच्या भुकेकडे पाहत नाही, आपल्या आकड्याकडे पाहतो. दुसरी तक्रार अशी की, मधल्या वाटेने जाणाऱ्याला हे खेळ दंड करतात. पूर्ण संत किंवा पूर्ण राक्षस झालात तरच मोठी बक्षिसे. प्रसंग पाहून, मनाशी झगडून निर्णय घेणारा सामान्य मनुष्य दोन्ही खात्यांत गरीब राहतो. तिसरी, निर्णयाची किंमत मोजावी लागत नाही. परिणाम आवडला नाही तर मागची नोंद उघडावी आणि दुसरे उत्तर द्यावे, ही सोय सदैव हाताशी. आणि चौथी, एवढे करूनही कथा शेवटी ज्या दाराशी यायची त्याच दाराशी येते. निवड दिल्याचा देखावा तेवढा होतो.

आपल्या वाचकांस या तक्रारी परक्या वाटू नयेत, कारण पापपुण्याचा पट मांडण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. आज मुले ज्याला सापशिडी म्हणतात त्याचा पूर्वज मोक्षपट. परंपरा त्याचा संबंध ज्ञानदेवांशी जोडते. सद्गुणाच्या घरावरून शिडी, दुर्गुणाच्या घरावर सापाचे तोंड आणि सर्वांच्या वर मोक्षाचे स्थान, अशी त्याची मांडणी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पट विलायतेत गेला, तेथे त्यातील अध्यात्म हळूहळू गळाले आणि केवळ मुलांची करमणूक उरली. या मोक्षपटात खेळणाऱ्याला निवड मुळीच नव्हती. कवड्या नेतील तेथे जावयाचे. परंतु तो तसा आवही आणत नव्हता. कोणत्या गुणाने मनुष्य चढतो आणि कोणत्या दोषाने घसरतो एवढे शिकविण्यासाठी तो होता, आणि तेवढे तो प्रामाणिकपणे शिकवीत असे. आजचे खेळ ‘निर्णय तुमचा’ असे मोठ्या अक्षरांत सांगतात आणि उत्तरांची किंमत आधीच ठरवून ठेवतात. आक्षेप आहे तो या विसंगतीला.

पाप तोलण्याचे साधन महाभारतातही आहे. युधिष्ठिराचा रथ भूमीपासून चार अंगुळे वर चाले. द्रोणाचार्यांना अश्वत्थाम्याविषयी ते अर्धसत्य सांगताच तो खाली टेकला. हा दाखला आणि शिंगांचा दाखला यांत महदंतर आहे. युधिष्ठिराला कोणी आधी सांगितले नव्हते की या उत्तराला चार अंगुळे मोजावी लागतील. रथ उंच राहावा म्हणून तो आजवर खरे बोलत आला नव्हता. आणि रथ टेकल्यावर मागे फिरून ते वाक्य बदलण्याची सोय त्याला नव्हती. निर्णयाला नैतिक म्हणावयाचे तर त्यात या तीन गोष्टी हव्यात: फळाची अनिश्चितता, हेतूची शुद्धता आणि परतीचा अभाव. खातेवहीची रचना नेमक्या या तिन्ही गोष्टी काढून घेते.

सर्वच रचनाकार या दोषाविषयी बेफिकीर आहेत असे मात्र नव्हे. रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा’ मालिकेचा चौथा भाग १९८५ साली आला. त्यात शेवटी ठार मारावयाचा कोणी महादुष्ट नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म आणि विनय हे आठ गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हावयाचे, हेच ध्येय. हा शब्द आपलाच आहे. आरंभीचे प्रश्न सुगुण आणि दुर्गुण यांतले नाहीत, दोन सद्गुणांतले आहेत. औषधी द्रव्ये विकणारा दुकानदार आंधळा आहे. त्याला कमी पैसे देऊन जाता येते, कोणी अडवीत नाही. त्या लबाडीची नोंद होते, पण ती त्या क्षणी पडद्यावर झळकत नाही. पोलंडमध्ये तयार झालेल्या २००७ च्या ‘द विचर’मध्ये काही निर्णयांची फळे इतक्या उशिरा समोर येतात की मागे जाऊन दुरुस्ती करण्यात अर्थ उरत नाही. २०१५ चा ‘अंडरटेल’ हा खेळ एकाही जिवाची हत्या न करता पुरा करता येतो. आणि हत्या करून, नंतर पस्तावून खेळ पुन्हा आरंभला, तर त्यातील एक पात्र मागचे सारे ध्यानात ठेवून बोलते. म्हणजे दोष माध्यमाचा नाही. तो पट मांडणाऱ्याच्या आळसाचा आहे.

हा आळस सर्वांत उघडा पडतो तो दुर्जनाच्या भूमिकेत. या खेळांतील वाईट पर्याय बहुधा पोरकट असतो: उगाच लाथ मारणे, उगाच लुटणे. आपल्या कोकणातील दशावतारात असे चालत नाही. तेथे संवाद लिहून दिलेले नसतात. राक्षसाची भूमिका घेणाऱ्या नटाला उभ्या उभ्या आपली बाजू मांडावी लागते, आणि ती लंगडी पडली तर देवाच्या विजयालाही रंग चढत नाही. अधर्माची बाजू ऐकून घेण्याजोगी झाल्यावरच धर्माच्या निवडीला मोल येते, हे आमच्या खेडोपाडीच्या प्रेक्षकाला कोणी शिकवावे लागत नाही.

परंतु आमच्या मते खेळणाऱ्यांची टीका येथेच थांबते, आणि तिने आणखी एक पाऊल पुढे जावयास हवे. कोणता पर्याय निवडला यावरून खेळणाऱ्याची नीती तोलली जाते; पर्याय कोणते ठेवले यावरून पट मांडणाऱ्याची नीती का तोलू नये? द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न हाच होता. फासे कसे पडले हे तिने विचारले नाही. जो स्वतःलाच हरला त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार कोठून आला, असे तिने विचारले. म्हणजे खेळाच्या नियमांनाच तिने आव्हान दिले. त्या सभेत भीष्मांसारखेही निरुत्तर झाले ते याच कारणाने.

सीमाभागातील मराठी माणसाला हे अधिक विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जो पट मांडला गेला त्यात त्याचे मत कोणी विचारले नव्हते; त्यानंतरच्या सर्व निवडी त्याने त्या पटावर उभे राहून केल्या. मुलाला कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालावयाचे, मातृभाषेच्या, राज्यभाषेच्या की इंग्रजीच्या, हा निपाणीतील आईबापांपुढचा प्रश्न वरवर मोकळ्या निवडीचा दिसतो. प्रत्यक्षात नोकरी, कचेरीचा कागद आणि घरची भाषा यांचे भाव कोणीतरी आधीच ठरविलेले असतात, आणि आईबाप ज्या घरावर बोट ठेवतील त्याचा दोष मात्र त्यांच्याच माथी येतो.

याच निपाणीचे आणखी एक उदाहरण आहे. १९८१ च्या आधी येथील तंबाखू उत्पादकापुढे दोन पर्याय असत: व्यापारी देईल तो भाव घ्यावा किंवा माल घरात ठेवून नासू द्यावा. पट व्यापाऱ्याचा होता. १४ मार्च १९८१ रोजी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले आणि पटावर नसलेला तिसरा पर्याय त्यांनी निर्माण केला. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते बसून राहिले. ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यापैकी काहींनी प्राण दिले. त्यांच्या निर्णयाला परतीची नोंद नव्हती.

आता या प्रसंगाचा कोणी खेळ करावयाचे ठरविले तर सत्पक्षाची प्रभावळ कोणाच्या मस्तकी लावणार? शेतकऱ्याची मागणी न्याय्य होती. पण त्याच्या तंबाखूला जे मोल येते त्यात वखारीतील स्त्रियांची मजुरीही दडलेली असते; धुळीत नाक-तोंड बांधून तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या त्या स्त्रियाही त्याच काळात आपल्या हक्कांसाठी संघटित होऊ लागल्या होत्या. आणि या दोघांच्याही पलीकडे तो विडी ओढणारा गरीब श्रमिक आहे, ज्याची छाती या पिकाने पोखरली जाते. पिकाला भाव द्यावा, मजुरी वाढवावी, की हे पीकच सोडून दुसऱ्याची वाट धरावी? यांतील प्रत्येक उत्तर कोणाच्या तरी चुलीवर जाऊन आदळते. खरा नैतिक पेच असा असतो. त्यात देवमाणूस आणि सैतान अशी दोन बटणे बसविता येत नाहीत.

खेळाकडून एवढी अपेक्षा करणे म्हणजे अतिरेक नव्हे काय, असे कोणी विचारील. दिवसभराच्या श्रमानंतर मनुष्य विरंगुळ्यासाठी खेळतो, त्याला पेच कशाला? हा आक्षेप ज्यांत निवडीचा दावाच नाही अशा खेळांपुरता आम्ही मान्य करतो. पुण्यातील एका संस्थेने २०२० साली आणलेला ‘राजी’ हा आपल्या पुराणांवर आधारलेला खेळ सरळ एका कथेच्या मार्गाने जातो. त्याबद्दल त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु ‘तुमचे निर्णय जगाचे भवितव्य घडवितील’ अशी जाहिरात करून जो माल विकतो, त्याला त्या शब्दाने बांधून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. शिवाय, विरंगुळ्यात लागलेली सवय विरंगुळ्यापुरती राहत नाही. चांगुलपणाचे फळ ताबडतोब आणि आकड्यांत मिळाले पाहिजे, ही अपेक्षा घेऊन तरुण उद्या सार्वजनिक जीवनात आला, तर जेथे वर्षानुवर्षे फळ दिसत नाही अशा कार्यात तो किती काळ टिकेल? सीमाभागाने तरी हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. बेळगाव हे १९९८ पासून तंत्रविद्यापीठाचे स्थान आहे. संगणकाचे शिक्षण घेतलेली शेकडो मुले दरवर्षी येथून बाहेर पडतात आणि बंगळूर-पुण्याच्या वाटेला लागतात. त्यांच्यापैकी काहींनी तरी परक्या दंतकथांतील चेटूक आणि अजगर यांची नक्कल करण्यापेक्षा निपाणीची वखार, घाटाखालचे खोत-कूळ, सीमेवरची शाळा यांतील पेच हाती घ्यावेत, आणि पट असा मांडावा की ज्यात नियमांनाच प्रश्न विचारता येईल. दुसरी गोष्ट पालकांसाठी. मुलगा खेळत बसलेला दिसला की ‘किती वेळ झाला?’ एवढेच आपण विचारतो. ते अवश्य विचारावे. पण त्यानंतर क्षणभर त्याच्याजवळ बसून, तू काय निवडलेस, का निवडलेस, आणि तुला जे हवे होते ते त्या पर्यायांत होते काय, हेही विचारून पाहावे. दिलेल्या उत्तरांपैकी बरे उत्तर शोधणारी मुले परीक्षेत उत्तीर्ण होतातच. उत्तरपत्रिकेत नसलेले उत्तर मागणारी मुले या भागाला अधिक हवी आहेत.